पॅनेलवाल्याने बंद केलेल्या गोळ्या

कॉन्टॅक्टर ओढला की खट् असा आवाज येतो. चांगला असेल तर एकच, कोरडा. जुना झालेला असेल तर खट् झाल्यावर मागे एक गुरगुर राहते, माणूस झोपेत कण्हतो तशी. पंचेचाळीस वर्षं हा आवाज ऐकत मी पोट भरलं. आता दुपारी घरात पडलो की तो आवाज आपोआप येतो. कुठून येतो ते बघायला उठतो, दारापर्यंत जातो, आणि मग ध्यानात येतं की घरात पॅनेलच नाही.

आमच्या वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "दिवाळी अंकाला कामातले किस्से द्या, हलकंफुलकं काहीतरी." मी सातवी शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघायचं, बाकीचं मी, असं ठरलं. किस्से आहेत, ते लिहितो. हलकंफुलकं होईल याची हमी देत नाही, कारण मला खरं तर बारा दिवसांबद्दल लिहायचंय. त्या बारा दिवसांत माझ्या बायकोच्या कॅन्सरच्या गोळ्या बंद होत्या. दवाखान्याच्या फाइलीत लिहिलं होतं की पेशंटने स्वतःहून बंद केल्या. माझी मुलगीही तेच धरून चालली होती. ते खोटं आहे. बंद मी केल्या. कुसुम आता नाही. निदान तिच्या नावावर हे राहू नये.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातला. घरी भातशेती, आणि भाऊ चार. सोळाव्या वर्षी उल्हासनगरात एका सिंधी सेठकडे लागलो. तिथे पॅनेलं बनायची. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट. कारखान्यातल्या मोटारी, पंप, भट्ट्या, सगळ्यांचं चालू-बंद त्या कपाटातून होतं. बाहेरून चार बटणं आणि चार दिवे दिसतात, आत तारांचं रान.

चालू करायचं बटण तुम्ही दाबता आणि सोडता. बोट काढलं तरी मोटार चालूच राहते. कशी? तर आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा मोठा स्विच समजा, एकदा ओढला गेला की स्वतःच स्वतःला वीज देत राहतो. त्याला आम्ही होल्डिंग म्हणतो. लाल बटण दाबलं की ती वीज तुटते, कॉन्टॅक्टर सुटतो, मोटार थांबते. बटणापासून मोटारीपर्यंत मध्ये पाच-सहा छोटे रिले असतात. पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मधला एक उपटून ठेवला तर निरोप तिथेच अडतो. एवढंच माझं शास्त्र. यावर मी लग्न केलं, अंबरनाथला बुवापाड्यात घर घेतलं, मुलगी शिकवली.

सेठ कामाला बसवायचा तेव्हा मागे येऊन उभा राहायचा. "छा थियो, साईं? छा थियो?" म्हणजे काय झालं, काय झालं. मी सांगायचो, सेठ, मोटार चालू झाली. तो म्हणायचा, "चालू तो बिजली खुद करती है. तू बंद करके दिखा."

त्याचं म्हणणं मला अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात समजलं. दुपारी निरोप आला, पंप थांबत नाही. गेलो तर टाकी वाहून चाललेली, अंगणभर लाल पाणी, गटार लाल, आणि ऑपरेटर दोन्ही अंगठ्यांनी लाल बटण दाबून उभा. जणू कोणाचा गळाच दाबतोय.

"अहो सोडा ते बटण," मी म्हणालो.

"सोडू कसं? सोडलं तर आणखी जोरात चालेल!"

"त्याला तुमचं ऐकूच येत नाही. दाबा नाहीतर नाचा."

कॉन्टॅक्टरचे आतले दोन तुकडे तापून एकमेकांना चिकटले होते. वितळून एक झाले होते. मग बाहेरून कोणी कितीही बंद म्हणो, आत चालूच. मी मेन खाली ओढला तेव्हा कुठे शांत झालं. त्या शांततेत लाल पाण्यात गुडघाभर उभा होतो, आणि मला फार बरं वाटलं होतं. उन्हात ते पाणी चमकत होतं. मोठ्या फुलात उभं असल्यासारखं.

घरी आलो तर कुसुमने पँट दोन बोटांत धरून उचलली. "कामाला गेला होतात की होळी खेळायला?" ती पँट शेवटपर्यंत गुलाबीच राहिली. कुसुमने त्या पँटच्या पिशव्या शिवल्या आणि त्या घेऊन ती मला बाजारात पाठवायची.

गिऱ्हाइकंही एकेक. उल्हासनगरात फरसाणाचा एक कारखानदार होता. त्याला लाल दिवा अपशकुनी. म्हणाला, "सब हरी बत्ती लगाओ. लाल देखके मेरा दिल बैठ जाता है." मी समजावलं की मशीन बंद पडलं तर लाल लागतो, तो लागायलाच हवा. नाही ऐकला. लावले सगळे हिरवे. महिन्याने फोन, मशीन बंद आहे. विचारलं, कुठला दिवा लागलाय? "हरा." कुठला हिरवा? "अरे, हरा मतलब हरा!" मी तिथे जाऊन बघितलं, सहाच्या सहा हिरवे दिवे लागले होते, मशीन थंड पडलं होतं आणि तो माणूस दिव्यांकडे बघून समाधानाने चहा पीत होता.

त्याला मी खूप हसलो. दिवे आणि मीटर काय सांगतात ते वाचायचं सोडून आपल्या मनाचं धरून बसणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर हसलो. एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात महाडिक म्हणून जुने ऑपरेटर होते. मीटरचा काटा चढत होता. महाडिक मोटारीवर तळवा ठेवून म्हणाले, "गार आहे रे. माझा हात सांगतो. चालू दे." मी म्हटलं, हाताला काय कळतं, आणि बंद केली. खोलली तर आतल्या बेअरिंगचा भुगा. आणखी तासभर चालली असती तर आग लागली असती. तेव्हापासून माझा नियम. काट्यावर विश्वास ठेवायचा, हातावर नाही. त्या नियमाने माझं नाव झालं. त्याच नियमाने पुढे घात केला.

कुसुमच्या मानेत गाठ आली तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आधी एक, सुपारीएवढी. मग काखेत. अंगाला घाम, इतका की पलंगाची चादर पिळावी. पोटात डाव्या बाजूला जड वाटायचं, ती पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. गाठीचा तुकडा काढून तपासला. मॅन्टल सेल लिम्फोमा असं नाव निघालं. सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, केस आले, गाठी गेल्या. दोन वर्षांनी गाठी परत आल्या. तेव्हा मॅडमनी गोळ्यांचं काढलं. या मॅडम कॅन्सरच्या डॉक्टर, मुंबईच्या, आठवड्यातून एक दिवस उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बसायच्या. वयाने आमच्या वैशालीएवढ्या. वैशाली म्हणजे आमची मुलगी, चिखलोलीला नव्या इमारतीत राहते, बँकेत आहे.

मॅडम म्हणाल्या, "काका, बी-सेल ही एक जातीची पांढरी पेशी. आपल्या शरीरातले शिपाईच समजा."

"शिपाई नको. आत काय होतं ते सरळ सांगा."

त्या हसल्या. कागद उलटा केला आणि एक गोल काढला. "ही पेशी. हिच्या अंगावर एक बटण असतं. जंतू येऊन चिकटला की ते दाबलं जातं. मग आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी पेशीच्या गाभ्यात निरोप जातो की वाढा. एकाच्या दोन, दोनाच्या चार. जंतू संपला की हे थांबायला पाहिजे, आणि वाढलेल्यातल्या बहुतेक पेशींनी मरायला पाहिजे."

"आणि हिच्यात?"

"मावशींच्या पेशींत जंतू नसताना निरोप चालूच आहे. थांबत नाही."

"होल्डिंग लागलंय," मी म्हणालो.

"काय लागलंय?"

मग मी त्यांच्याच कागदावर कॉन्टॅक्टर काढून दाखवला. रिले काढले. मॅडम मान तिरकी करून बघत होत्या. म्हणाल्या, "बरोबर, काका. असंच. ही गोळी या मधल्या प्रथिनावर जाऊन बसते. बीटीके नाव आहे त्याचं. निरोप तिथे अडतो."

"म्हणजे तिसरा रिले उपटला."

"उपटला नाही, पण अडवला."

कुसुम मला कोपर मारून मॅडमना म्हणाली, "झालं! आता आठवडाभर ह्यांना जेवण नको, चहा नको."

खरं बोलली. मला त्या क्षणी काय झालं ते सांगतो. मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि माझ्यासमोर कुसुम नव्हती, एक लांबच लांब पॅनेलांची खोली होती. भिंतीला टोक नव्हतं. लाखो कपाटं, प्रत्येकात एक छोटा दिवा, सगळे एकदम लागलेले, आणि सगळीकडून ती गुरगुर. मी हातात टेस्ट लॅम्प घेऊन चाललो होतो आणि मला रस्ता माहीत होता. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरच्या खोलीत बसून मला सगळं समजलं होतं. मॅडमचं तोंड हलत होतं. मी मान हलवत होतो. त्या काय म्हणाल्या त्यातलं एक अक्षर माझ्यात उतरलं नाही.

त्या म्हणाल्या होत्या, सुरुवातीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतील, घाबरू नका. हे मला नंतर कळलं.

गोळ्या चालू झाल्या. रोज एकाच वेळी, सकाळी नाश्त्यानंतर. दहा-बारा दिवसांत मानेतली गाठ मऊ पडली. तीन आठवड्यांत तिचं गळ्यालगतचं डोरलं परत बसायला लागलं, ते तिने काढून ठेवलं होतं. ते घालून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. अंगावर कुठे कुठे निळे डाग उठायचे, नुसतं कपाटाचं दार लागलं तरी. ते या गोळीने होतं, एवढं माहीत होतं.

महिन्याने रक्त तपासलं. रिपोर्ट मीच आणायला गेलो. चष्मा लावून तिथेच काउंटरला उभा राहून बघितलं. पांढऱ्या पेशी आधी होत्या त्याच्या दुपटीहून जास्त.

मी घरी कसा आलो आठवत नाही. रिक्षात बसलो होतो, बाहेर दुकानं सरकत होती, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. डोक्यात एकच, काटा चढतोय. काटा चढतोय म्हणजे मशीन बंद करायचं.

कुसुम डाळिंब्या सोलत बसली होती. भिजवून मोड आलेले वाल, एकेक चिमटीत दाबून साल काढायची. मी म्हणालो, "गोळी बंद."

"का? मॅडम म्हणाल्या?"

"रिपोर्ट म्हणतोय. दुप्पट झालंय. ही गोळी तुला उलटी पडलीय."

"अहो, पण गाठ तर गेली. हात लावून बघा ना."

तिने मान वर केली आणि माझा हात धरून तिथे ठेवला. खरंच काही नव्हतं. जरासा उंचवटा, बस. माझ्या बोटांखाली तिची नाडी चालत होती.

मी म्हणालो, "हाताला काय कळतं."

"मॅडमना फोन तरी करा."

"पॅनेल उघडून समोर ठेवल्यावर मी कधी कोणाला फोन केलाय? काटा वाचता येतो मला."

तिने हातातला वाल सोलून ताटात टाकला. मग डाळिंबीचं ताट पुढे ओढलं. "बरं. तुम्ही म्हणाल तसं." गोळ्यांची बाटली मी माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर टाकली. फाइलीवर मॅडमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. मी रोज तो वाचत होतो.

ते बारा दिवस मला अजून नीट दिसत नाहीत. दुपार झाली की घर पिवळं पडायचं आणि आम्ही दोघं त्यात पडून असायचो. ती म्हणायची, आज बरं वाटतंय. मी म्हणायचो, बघ. सातव्या दिवशी घाम परत आला. नवव्या दिवशी ताप. दहाव्या दिवशी डोरलं काढून तिने न बोलता फडताळात ठेवलं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. बाराव्या दिवशी मॅडमना दाखवायची तारीख होती.

मॅडमनी मान चाचपली. चेहरा बदलला. रिपोर्ट बघितला, मग परत मान. "मावशी, गोळ्या चालू आहेत ना?"

मी तोंड उघडलं. उघडलंच होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याआधी कुसुम म्हणाली, "मीच बंद केल्या. मळमळायचं."

"कधीपासून?"

"झाले बारा दिवस."

मॅडम बोलल्या, फार बोलल्या. आवाज चढवला नाही पण लागेल असं बोलल्या. "मावशी, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आकडा वाढेल म्हणून. गोळीने त्या पेशी गाठीतून सुटून रक्तात येतात. गाठ रिकामी होतेय त्याचंच ते लक्षण. गोळी लागू पडत होती! आणि तुम्ही मळमळतं म्हणून बंद केलीत? विचारायचं तरी!"

कुसुम मान खाली घालून होती, शाळेतल्या मुलीसारखी. मॅडमनी फाइलीत इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मला इंग्रजीतले आकडे वाचता येतात, वाक्यं नाही, पण काय लिहिलं ते समजलं. मी शेजारी बसलो होतो. माझे दोन्ही हात मांडीवर होते. काटा चढलेला होता आणि मशीन ठणठणीत चाललं होतं, आणि मी ते बंद केलं होतं. एवढं समजूनही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्याच संध्याकाळी वैशाली आली. फाइल वाचली. "आई, काय केलंस हे? मळमळ? माझ्यासाठी तरी चार दिवस सोसायची होतीस ना!" कुसुम म्हणाली, "चुकलं बाई." वैशाली मला म्हणाली, "आणि बाबा, तुमचं लक्ष कुठे होतं?" मी म्हणालो, "मला सांगितलं नाही तिने." हे मी बोललो. लिहिताना हात थांबला, पण लिहितो. कुसुम तेव्हा गॅसजवळ उभी होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

गोळ्या परत चालू केल्या. परत लागू पडल्या. गाठी ओसरल्या, पुढचे अकरा महिने बरे गेले. त्या अकरा महिन्यांत वैशाली रोज सकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न, "आई, गोळी घेतलीस? खरं सांग. बाबा, समोर घेतली का?" कुसुमवर पाळत ठेवायला मला नेमलं होतं. मी म्हणायचो, हो, घेतली समोर. कुसुम पाण्याचा पेला ठेवून माझ्याकडे बघायची. रागाने नाही. तिच्या डोळ्यांत गंमत असायची, तीच मला सोसायची नाही.

मग गोळी चालेनाशी झाली. मॅडम म्हणाल्या, पेशींनी त्या प्रथिनाची गोळी बसायची जागाच बदलली. मी म्हणालो, सॉकेट बदललं, पिन बसत नाही. हो, तसंच, त्या म्हणाल्या. कधी पेशी दुसऱ्याच वाटेने निरोप नेतात, तेही होतं. मी एकटाच त्यांच्या खोलीत मागे थांबलो आणि विचारलं, त्या बारा दिवसांमुळे हे झालं का? मॅडम पेन फिरवत होत्या. "सांगता येत नाही, काका. बहुतेक नाही. बारा दिवस बंद न करणाऱ्यांचंही असं होतं. पण नाहीच, असं मी लिहून देऊ शकत नाही." तेवढ्यावर मी आजतागायत झोपतो आणि उठतो.

दुसरी औषधं झाली. गुण आला नाही. चैत्रात एका दुपारी, वैशाली आणि मी दोघं जवळ असताना, कुसुम गेली. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. मला आठवतं ते एवढंच की सगळं फार शांत झालं, आणि ती शांतता मला रंगाच्या कारखान्यातल्यासारखी बरी वाटली नाही.

आता ती दुपारी येते. मी पडलेला असतो, डोळा लागतो, आणि मी त्या पॅनेलांच्या खोलीत असतो. दिवे लागलेले. चालत चालत जातो, एक कपाट उघडतो, तर आत ती पाटावर बसून डाळिंब्या सोलतेय. मी म्हणतो, अगं, इथे करंट आहे. ती म्हणते, असू दे, माझं थोडंच राहिलंय. मी एकेक दिवा विझवत जातो तिच्यासाठी. खोली संपत नाही. मग जाग येते आणि घरात चार वाजलेले असतात.

तीन महिने असे गेले. मग मी एक दिवस दवाखान्यात गेलो. नंबर लावून बसलो, पेशंटांबरोबर. मॅडम मला बघून उठल्याच. "काका, तुम्हाला काही होतंय का?"

"फाइल दुरुस्त करायचीय."

"कुठली?"

"हिची. त्यात लिहिलंय तिने गोळ्या बंद केल्या. तिने नाही, मी केल्या. त्या रिपोर्टचा आकडा बघून मी केल्या. ती नको म्हणत होती."

मॅडम परत खुर्चीत बसल्या. बाहेर नर्स पुढचं नाव पुकारत होती. मॅडम म्हणाल्या, "काका, फाइल बंद झालीय. आता त्याने काही फरक पडत नाही."

मी म्हणालो, "मॅडम, आमच्या कामात एखादी सुरक्षेची तार कोणी बाजूला काढली तर त्याने तिथे स्वतःच्या नावाची पट्टी बांधायची असते. दुसऱ्याच्या नावाने बांधायची नाही. पट्टी ज्याची, त्यानेच येऊन सोडायची. मग कारखाना बंद पडलेला असला तरी."

त्यांनी फाइल मागवली. ती यायला तासभर लागला, मी बसून राहिलो. त्यांनी त्या जुन्या दोन ओळींखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, आणि मला मराठीत वाचून दाखवलं. गोळ्या नवऱ्याने बंद केल्या होत्या, पेशंटचा विरोध होता, असं. खाली मी सही केली. निघताना त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी बोलत होते तेव्हा तुम्ही ऐकत नव्हतात, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही इतके खूश दिसत होतात." मी म्हणालो, तुमची पट्टी तुम्ही बांधा, मी माझी बांधलीय. त्यावर त्या जराशा हसल्या.

दवाखान्यातलं सोपं होतं. चिखलोलीला जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. रविवार होता, जावई नातवाला घेऊन खाली गेला होता. हे लिहिलेलं आहे ते, दवाखान्यापर्यंतचं, मी वैशालीला वाचून दाखवलं. "मला सांगितलं नाही तिने" हे वाक्य आलं तेव्हा तिने हात वर केला. थांबा म्हणाली. उठून गॅलरीत गेली. तिकडे अजून दोन इमारती चढताहेत, त्यांच्या क्रेनकडे बघत पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल. मी चप्पल कुठे काढली ते बघून ठेवलं.

ती आत आली. डोळे लाल. "आईला मी किती बोलले, बाबा. रोज. वर्षभर. आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होतात."

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? होतो बसलेला."

"तिने का घेतलं स्वतःवर? तुम्ही सांगितलं होतं तिला?"

"नाही गं. मी सांगणारच होतो, ती आधी बोलली. मी विचारलं होतं तिला. दवाखान्यातून येताना, रिक्षात. म्हटलं, तू का बोललीस? माझी चूक होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मॅडम तुम्हाला तसं बोलल्या असत्या तर तुम्ही परत त्या दवाखान्याची पायरी चढला नसता. मग मला कोणी आणलं असतं?"

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडावर हात घेतला आणि हसायला लागली, रडत रडतच. "खरंय," म्हणाली. "नसतातच चढलात."

"नसतोच चढलो," मी म्हणालो.